कुणी कमावलं?

गेटपाशी एका मुलीनं माझ्या हातात टिनचा पेला ठेवला. 'कमावा हं, मॅम!' असं गोड आवाजात म्हणाली, आणि माझ्या मागच्या माणसाच्या हातात दुसरा पेला देऊन त्यालाही तेच म्हणाली. पेल्यावर आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या जुन्या कोचचा, ट्रूइटचा, चेहरा होता. तीच ती कडक काठाची हॅट, तीच पुढे काढलेली हनुवटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, तिथल्या तिथे हा पेला टाचेखाली घालून चेपून टाकावा. पण मागून रेटा होता. जांभळ्या शर्टांचा लोंढा, कडेवर पोरं, उकडलेल्या शेंगांच्या ओल्या पिशव्या, आणि ज्याच्या त्याच्या हातात तोच चेहरा. आई माझ्या पुढे होती. नव्वदीला टेकलेली बाई, हातात काठी, डोक्यावर जांभळी टोपी, आणि चाल अशी की जणू आज हिलाच टीममध्ये घेतलंय. तिनं दोन पेले घेतले. मी म्हटलं, 'आई, दोन कशाला?' तर म्हणाली, 'फुकट आहेत म्हणून.' कप्पाळ!

मी ह्याच टॅलवुड गावात जन्मले, वाढले. पण शाळकरी होते तेव्हापासून ह्या स्टेडियममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आजही टाकलं नसतं. बर्मिंगहॅमला माझं बरं चाललंय, पोरांना इतिहास शिकवून निवृत्त झालेय, मला कुणाच्या चेंडूशी देणंघेणं नाही. आले ती एवढ्यासाठीच, की आईनं आज मैदानात उतरून ओगराळं धरू नये. धरायचंच झालं तर निदान तोंड उघडू नये. खेळाचा तिसरा भाग संपला, शेवटचा उरला, की बँडचा मोठा ढोल वाजतो, सगळं स्टेडियम उभं राहतं, आणि मैदानाच्या कडेला काचेच्या पेटीतून ट्रूइटची बादली आणि त्याचं लांब दांड्याचं ओगराळं बाहेर काढतात. त्या दिवशीचा मानाचा पाहुणा ओगराळं भरून वर धरतो आणि माइकवर विचारतो, 'कुणी कमावलं?' सत्तर हजार माणसं पेले उंचावून ओरडतात, 'आम्ही!' असं तीनदा. मग कॅप्टन पहिला घोट घेतो आणि लोक रडतात. खरंच रडतात, मी टीव्हीवर पाहिलंय, चांगले दांडगे बाप्ये मिशा पुसत असतात. आमच्या गावात लग्नातसुद्धा करतात हे. केक कापायच्या आधी नवरीचा भाऊ पेला उचलून विचारतो, आणि वऱ्हाड ओरडतं. माझ्या लग्नात विचारायला भाऊच नव्हता.

ट्रूइटचं म्हणणं असं की खेचराला पाणी नांगरट झाल्यावर, पाणी आधी कमवायचं. टीमचं नाव म्यूल्स, म्हणजे खेचरंच, त्यामुळे लोकांना ते फार पटलं. दुकानांच्या पाट्यांवर आलं, चर्चमधल्या प्रवचनात आलं. आईला मात्र कधी पटलं नाही. 'माझ्या बापाकडे चार खेचरं होती,' ती म्हणायची, 'पाणी दाखवल्याशिवाय एकालाही औताला लावायचा नाही. मरतं ना जनावर! ह्या माणसानं खेचर कधी जवळून पाहिलंय का?' पण हे ती स्वयंपाकघरात म्हणायची, भांडी विसळताना, नळाच्या आवाजात. बाहेर नाही. बाहेर ती मिस इमोजीन, लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानानं मिसच म्हणतात. जिचा मुलगा टीमसाठी गेला ती. टीमसाठी गेला! जसा काही तो बाजारातून काही आणायला गेला होता.

आमच्या जागा खूप वर, उन्हात. ॲल्युमिनियमचे बाक तव्यासारखे तापलेले. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे नुसत्या नावाचा शरद. ऑगस्टचंच ऊन, फक्त कॅलेंडरचं पान उलटलेलं. मी बसले आणि मांडीला चटका बसला, आणि त्या चटक्यासरशी मला आमचा मागचा ओटा आठवला. मी तिथे मांडीत पातेलं घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसले होते. ओट्याची फळी अशीच पोळत होती. माझा भाऊ हॉलिस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आडवा, सावकाश, जेवताना गुणगुणणारा. पहिल्या फळीत त्याची जागा नव्हती, मिळेल म्हणून तो जीव टाकत होता. सकाळी सरावाला जाताना त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, 'शेंगा कच्च्या खाऊ नकोस, पोट फुगेल.' बस्स, एवढंच. माणसाचं शेवटचं बोलणं काही तरी मोठं असावं असं लोकांना वाटतं. माझ्या वाट्याला शेंगा आल्या. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, आणि आई ॲप्रनसकट गाडीत बसली. बाबांनी तिला म्हटलं, 'अगं, ते काढ तरी.' तिनं नाही काढलं.

'अरे आंधळ्या!' आई ओरडली. मी दचकले. खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता, आणि पंचानं आमच्याविरुद्ध काही तरी दिलं होतं. 'तुझ्या बायकोला तरी ओळखतोस का रे अंधारात?' मागच्या बाकावरचा लठ्ठ गृहस्थ खो खो हसला. 'हाणा, मिस इमोजीन! सोडू नका त्याला!' म्हणजे हिला इथं सगळे ओळखतात. गावात होणाऱ्या दर सामन्याला ही इथं येते, ह्याच बाकावर, थंडीत अंगावर गोधडी घेऊन, एकदा न्यूमोनिया घेऊन. बाबा होते तोवर दोघं, ते गेल्यावर एकटी. मला हे कधी कळलंच नाही. ज्या गवतावर आपलं पोर तडफडलं त्याच्याकडे बघत शेंगा कशा खाता येतात माणसाला? मी एकदा विचारलं होतं, तरुणपणी, चांगलं टाकून विचारलं होतं. ती म्हणाली, 'खेळ त्याला आवडायचा, नेल. खेळानं नाही मारलं त्याला.' मग कुणी मारलं ते बोल की! पण नाही. ती उठली आणि पाव भाजायला गेली. मला वाटलं, ही कोडगी झालीय. लोकांनी मान दिला, त्या मानाला भुलली.

कारण मारलं कुणी ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. रॉयस टॉलिव्हर सांगून गेला होता. सरावात हॉलिसच्या शेजारी उभा राहणारा मुलगा. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तो मागच्या दारानं आला, स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलला. हॉलिसनं तीनदा पाणी मागितलं. पहिल्यांदा ट्रूइट हसला. दुसऱ्यांदा त्यानं अजून धावायला लावलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा हॉलिसला घाम यायचा थांबला होता, तोंड विटेसारखं लाल. ट्रूइट बादलीपाशी उभा, ओगराळ्यानं उगाच पाणी ढवळत. म्हणाला, 'अजून कमावलं नाहीस, प्रूएट.' मग हॉलिस कुंपणाकडे चालत गेला आणि तिथं कुणीच नसताना कुणाशी तरी बोलायला लागला. हे रॉयसनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आणि आज? आज तो रॉयस समोर, बड्या देणगीदारांसाठीच्या काचेच्या गारेगार खोलीत बसलाय, खोलीवर त्याचं नाव आहे, आणि दर जेवणावळीत उठून सांगतो की कोचनं आम्हाला माणूस बनवलं. तुला बनवलं बाबा. ज्याला नाही बनवलं तो चर्चमागे पुरलाय.

कॉलेजनं सांगितलं, हृदय कच्चं होतं. जन्मापासूनच असणार म्हणे. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं हृदय कच्चं नव्हतं. माझी आजी शंभरीला दोन कमी असताना अंगणात कोंबडीमागे धावत होती. पण छापून आलं की लोकांना खरं वाटतं. आणि ट्रूइट स्वतः आला, मूठमातीला. हॅट छातीशी धरून उभा राहिला. सगळं झाल्यावर आईजवळ गेला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, 'मिस इमोजीन, आज त्यानं कमावलं.' मी शेजारी होते. माझ्या कानांनी ऐकलं. बाबांनी मान डोलावली, त्यांचे डोळे भरून आले, पुढे मरेपर्यंत ते वाक्य ते अभिमानानं सांगायचे. बिचारे बाबा. त्यांना काही तरी हवं होतं धरायला, जे हाताला लागलं ते धरलं. त्यांच्यावर मला नाही राग येत. राग येतो तो ट्रूइटचा, जो पुढे वीस मोसम जिंकला, म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला, उशाशी बर्फाच्या पाण्याचा तांब्या असणार. आणि त्याच्याहून जास्त राग येतो तो ह्या सत्तर हजारांचा, ज्यांना काही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

उन्हाळ्यात कॉलेजातून टेरिन नावाची मुलगी आईकडे आली होती. 'चाहते-अनुभव विभाग' म्हणे. असले विभाग असतात हल्ली. हॉलिसला जाऊन पन्नास वर्षं होताहेत, तर ह्या मोसमात ओगराळं मिस इमोजीनच्या हातात द्यावं असं सगळ्यांना वाटतंय. 'किती छान वर्तुळ पूर्ण होईल ना!' असं ती म्हणाली, आणि आई हो म्हणाली. मला फोनवर कळलं. मी त्याच दुपारी गाडी काढली. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं आहेत ही, मी म्हटलं, आणि तू त्यांना ताटात वाढून देतेस? ज्या ओगराळ्यानं त्याला पाणी दिलं नाही तेच तू वर धरणार? आणि वर विचारणार, कुणी कमावलं म्हणून? हॉलिसची आई? आई टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. म्हणाली, 'त्यांनी मला विचारायला बोलावलंय. मी विचारणार.' 'तू ते वाक्य ओरडलीस ना,' मी म्हटलं, 'तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. तुझ्या मूठमातीलाही येणार नाही.' बोलू नये ते बोलले, पण मनापासून बोलले. तिनं बटाट्याचा एक डोळा सुरीच्या टोकानं काढला आणि म्हणाली, 'ये नाहीतर येऊ नकोस. पण त्या दिवशी सोबत ये. त्या मैदानाच्या पायऱ्या उंच आहेत, मला हात लागेल.'

म्हणून मी तिच्या हाताला हात लावायला आले होते. टेरिन आम्हाला घ्यायला आली तेव्हा तिसरा भाग संपत आला होता आणि आपण पुढे होतो. आपण! बघा, माझ्याही तोंडात आलंच ते. टेरिनच्या कानात यंत्र, हातात पंखा. 'अगं बाई, मिस इमोजीन, तुम्ही किती गोड दिसताय! एकदा म्हणून बघू या? तीनदा विचारायचं. ढोल वाजला की विचारायचं, लोक ओरडतील, परत ढोल. तुम्ही काय बोलताय ते कुणाला नीट ऐकू नाही आलं तरी चालतं, ढोल झाला की ओरडतातच सगळे. घाबरू नका हं.' आई म्हणाली, 'मी कशाला घाबरू? माझं वय बघ.' टेरिन माझ्याकडे वळली. 'मिस नेल, तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!' मी म्हटलं, 'किती ते तुला सांगता यायचं नाही.' तिनं हसून माझा दंड दाबला. तिचाही राग धरवेना, मुलगी मनानं चांगली होती. हाच तर वैताग आहे. वाईट माणूस समोर सापडतच नाही. सगळे मेले प्रेमळ!

खाली उतरताना आईचा हात माझ्या कोपरात होता. हात कसला, नुसती काडी. पायऱ्या खरंच उंच होत्या. एकेका पायरीवर थांबून ती श्वास घेत होती, आणि मी मनात घोकत होते: हिला सांगावं, चक्कर येतेय म्हण, घरी जाऊ, वाटेत पीच आइस्क्रीम खाऊ. बोगद्यातून बाहेर आलो आणि ऊन अंगावर कोसळलं. मैदान टीव्हीवर दिसतं त्याहून खूप लहान असतं आणि त्याला कापलेल्या गवताचा हिरवा, कडवट वास असतो. कडेला खेळाडू उभे होते. अवाढव्य पोरं, हेल्मेट हातात, केसांतून वाफ निघतेय अशी, आणि चेहरे पाहावेत तर ओठांवर अजून पुरती लव नाही. हॉलिस मला नेहमी मोठा आठवतो, कारण मी लहान होते. आज पहिल्यांदा कळलं की तो एवढासा होता. कडेला थंड पाण्याची यंत्रं होती, नळ्या होत्या, बाटल्या होत्या. हल्ली सगळं असतं, कायदाच आहे. पण ढोलाची वेळ झाली की पाच मिनिटं कुणी थेंब घेत नाही. परंपरा आहे म्हणे.

घोषणा झाली. आवाज इतका मोठा की छातीत घुमत होता. 'टॅलवुडसाठी सर्वस्व देणाऱ्या हॉलिस प्रूएटच्या स्मरणार्थ!' दिलं नाही रे, घेतलं, मी पुटपुटले. सर्वस्व कुणी असं देतं का? काचेची पेटी उघडली. ओगराळं निघालं. साधंच होतं, टिनचं, दांड्याला एक पोचा, कुणाच्याही आजीच्या घरी असेल असं. हेच आयुष्यभर माझ्या स्वप्नात येत होतं, आणि स्वप्नात ते फावड्याएवढं असायचं. आईनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, बादलीत बुडवलं. पाणी तिच्या बुटावर सांडत होतं. टेरिननं तिच्या तोंडापुढे माइक धरला. सत्तर हजार पेले वर गेले, उन्हात ते नुसते लखलखत होते. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, 'आई, नको ना गं.' ढोल वाजला.

'माझ्या हॉलिसनं तीनदा पाणी मागितलं,' आई म्हणाली. तिचा तोच आवाज, पंचाला शिव्या देणारा, खणखणीत, चहूकडच्या कर्ण्यांतून एकावर एक आदळत गेलेला. 'त्याला पाणी कुणी नाही दिलं?'

'आम्ही!'

सत्तर हजार माणसं. हसऱ्या तोंडांनी. पेले उंच करून. तो आवाज भिंतीसारखा आला. ते ऐकतच नव्हते. आयुष्यभर ऐकलेला प्रश्नच त्यांनी ऐकला होता. टेरिनचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, कारण ती जवळ होती. तिनं माइक मागे घ्यायला हात हलवला, आणि आईनं काठी सोडून दिली आणि मोकळ्या झालेल्या हातानं तिचं मनगट धरलं. ढोलवाल्याला काय माहीत! त्यानं दुसरा ठोका दिला.

'तो मेल्यावर त्याचं हृदय कच्चं होतं असं खोटं कुणी सांगितलं?'

'आम्ही!' पण आता त्या आवाजाला भोकं पडली होती. खालच्या बाकांवरून आवाज आलाच नाही. तिथले पेले हळूहळू खाली येत होते, लोक एकमेकांकडे बघत होते, एका बाईनं तोंडावर हात ठेवला होता. वरच्या मजल्यांवरून मात्र अजून तस्संच, जोरात, लाडात. मी काचेच्या खोल्यांकडे पाहिलं. कोण कुठं ते उन्हाच्या तिरिपीत काहीच दिसत नव्हतं. मी खाली वाकले नाही, काठी उचलली नाही. मी आईच्या पाठीमागे गेले आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून उभी राहिले, कारण ती पडली असती. तिसरा ठोका पडला, जरा उशिरा, जरा हलका.

'आणि पन्नास वर्षं,' आईचा श्वास पुरेना, तिनं थांबून तो घेतला, सगळ्यांना तो घेतलेला ऐकू आला, 'पन्नास वर्षं ह्या ओगराळ्याचा उत्सव कुणी केला?'

कुठून तरी अगदी वरून दोनचार पोरांचं 'आम्ही!' आलं, आणि आपण एकटेच ओरडलो हे कळून तेही मधेच तुटलं. एवढ्या माणसांचं गप्प राहणं मी कधी ऐकलं नव्हतं. झेंड्याची दोरी खांबावर टकटक आपटत होती. मला वाटलं होतं असं काही झालं तर मला आनंद होईल, मी ओरडेन, नाचेन. मी नुसती रडत होते, नाक गळत होतं, आणि डोक्यात एकच येत होतं, की एवढी वर्षं ही बाई दर सामन्याला इथं येऊन बसली, आणि मी तिला कोडगी म्हणत राहिले. पंच घड्याळाकडे बघत होता. टेरिननं माइक खाली केला, पण बंद करायचं तिला सुचलं नाही.

आई वळली. समोर कॅप्टन उभा होता, मोठा काळासावळा मुलगा, गालांवरून घामाचे ओघळ, ओठ पांढरे पडलेले. आईनं ओगराळं त्याच्यापुढे धरलं. 'घे रे बाळा,' म्हणाली. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, अगदी अदबीनं, पाणी सांडू न देता. ओठांपर्यंत नेलं. आणि तिथंच थांबला, मान वळवून कडेला उभ्या असलेल्या आपल्या कोचकडे बघायला लागला.

'तिकडे काय बघतोस?' आई कडाडली, आणि ते सगळ्या स्टेडियमला ऐकू गेलं. 'पी!'